दुसऱ्या दिवसाचा टाइम

१७ जानेवारी २०२१, रविवार. सोळाशे मीटर. पाच मिनिटं बावीस सेकंद.

वहीतली ही नोंद माझ्या हातची आहे. शेजारी माझ्या भाच्याचं नाव आणि त्याच्यापुढे लाल पेनानं काढलेली चांदणी. तेव्हाच्या सैन्यभरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढले की साठपैकी साठ गुण मिळायचे. ५:३१ ते ५:४५ मध्ये आलं तर अठ्ठेचाळीस. त्याच्यापुढे एक सेकंद गेला की पोरगा दोरीच्या बाहेर, आणि त्याच संध्याकाळी एसटीनं परत घरी. बावीस सेकंदाला आला म्हणजे आठ सेकंद हाताशी होते. त्या दिवशी मी बहिणीला फोन करून सांगितलं होतं, 'यंदा याचं ग्राउंड निघते.'

मी शाळेत मास्तर आहे. खेळाचा शिक्षक नाही, पण गेली बारा वर्षं पहाटे साडेचारला स्टॉपवॉच घेऊन रस्त्यावर उभा राहतो. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. जमिनीखालचं पाणी खारं, ओलीत नाही. पावसावर कपाशी-तूर आणि ओलाव्यावर हरभरा, एवढीच शेती. काळी माती अशी, की पावसाळ्यात वावरात पाय टाकला तर चपलेला किलोभर चिखल येतो. म्हणून पोरं डांबरी रस्त्यावर धावतात. नाल्याच्या पुलावर आम्ही चुन्याची रेघ मारली आहे. तिथून बाभळीपर्यंत आठशे मीटर, आणि वळून परत आठशे. कापसाच्या गाड्या अंगावरून जातात. तरी पोरं येतात, कारण दोन एकर कोरडवाहूच्या पलीकडे त्यांना दिसणारी एकच वाट वर्दीची आहे. कुणाच्या मनात कामठीचं लष्करी केंद्र असतं, कुणाच्या मनात पोलीस, कुणाच्या सीआरपीएफ. धावावं सगळ्यांनाच लागतं.

त्या वर्षी कोविडची दुसरी लाट आमच्याच भागातून उठली. २२ फेब्रुवारीला अमरावती आणि अचलपूर बंद झालं. त्याच आठवड्यात भाच्याला ताप आला. तीन दिवस ताप, अंग मोडून आलं, वास गेला. बहीण सांगत होती, पाट्यावर लाल मिरचीचा ठेचा वाटला तर घरभर ठसका उठला आणि हा शेजारी बसून विचारतो, 'आई, आज भाजी काय आहे?' चौदा दिवस तो वावरातल्या खोपडीत राहिला. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र रोज अठ्ठ्याण्णव दाखवायचं. तेवढ्या काळात तालुक्यात माणसं जाऊन राहिली होती, आणि आमचं लेकरू हसत-खेळत परत आलं. आम्ही देवाला नारळ फोडला.

वहीतलं पुढचं पान मी आता जरा थांबूनच उलगडतो. २० मार्च, ५:५८. २ एप्रिल, ५:४९. ३ एप्रिल गैरहजर. ४ एप्रिल गैरहजर. ९ एप्रिल, ६:१०. मग पुन्हा दोन दिवस गैरहजर. सगळ्या मे महिन्याचं पान असंच आहे. एक बरा टाइम, त्याच्यामागे दोन-तीन रिकामी घरं. मी मास्तर आहे, हजेरीपट वाचता येतो मला. एखादं पोर दर सोमवारी गैरहजर दिसलं तर मी त्याच्या घरी जाऊन चौकशी करतो. इथं माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं, आणि मी फक्त 'गैरहजर' लिहीत गेलो.

जूनमध्ये एका पहाटे तो बाभळीपाशी थांबला. गुडघ्यांवर हात टेकून उभा होता, ओठ पांढरे पडले होते. मी ओरडलो, 'काहून थांबला बे?' तो म्हणाला, 'मामा, दम पुरून नाई राहिला. पाय कोणाचे दुसऱ्याचे वाटते.' बाकीची पोरं बघत होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो की ताप जाऊन तीन महिने झाले, आता हा आजार तुझ्या मनात आहे, तू मनातून हरला आहेस. आणि शिक्षा म्हणून आणखी पाच फेऱ्या मारायला लावल्या. त्याने मारल्या. एक शब्द बोलला नाही. शेवटच्या फेरीला त्याच्या टाचा रस्त्यावर घासत होत्या, तो आवाज मला आजही येतो.

त्या दिवशी तो बरा होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही ठीक. तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला, 'दादा, लेकरू ताटावर बसलं त हात थरथर करून राहिला. भाकर मोडनं होत नाई त्याच्यानं.' मी म्हणालो, ऊन लागलं असन, कांदा दे. त्यानंतर तो सहा दिवस खाटेवर होता. माझ्या वहीत ते सहा दिवसही 'गैरहजर' आहेत.

दवाखाने केले. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी छातीचा फोटो, ईसीजी, रक्त-लघवी, हिमोग्लोबिन सगळं काढलं. सगळं नॉर्मल. टॉनिक दिलं आणि टेन्शन घेऊ नको म्हणून सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल आला की घरात आनंद होतो. आमच्याही घरात झाला. पण त्या दिवसापासून भाच्याच्या बोलण्याला घरात किंमत उरली नाही. कागद म्हणत होता याला काही नाही, आणि कागदापुढे एकोणीस वर्षांच्या पोराचं कोण ऐकतं? जावई, म्हणजे भाच्याचे वडील, काही बोलायचे नाहीत, पण फवारणीच्या दिवशी पंप स्वतःच पाठीवर घेऊन निघून जायचे. ते न बोलणं त्याला जास्त लागायचं, हे त्याने मला फार उशिरा सांगितलं.

डिसेंबरमध्ये एका सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मॅडम भेटल्या. आम्ही गेलो होतो बहिणीचं बीपी दाखवायला, हा सोबत होता. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, दोन गोष्टी विचारल्या आणि मग विचारलं, 'धावल्यावर दुसऱ्या दिवशी कसं असतं?'

दहा महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तर नाहीच. आम्ही सगळे विचारत होतो, धावताना काय होतं. भाचा म्हणाला, 'मॅडम, पयलो त्या दिवशी मस्त वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगातलं सगळं कोणी काढून घेतल्यासारखं होते.'

मॅडमनी त्याला बाकावर झोपवलं. दहा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही म्हणाल्या. मनगट धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नाडी मोजली, अडुसष्ट. मग त्याला उभं केलं, भिंतीला खांदे टेकवून, हलायचं नाही. दोन मिनिटांनी अठ्ठ्याण्णव. पाच मिनिटांनी एकशे चार. दहाव्या मिनिटाला एकशे दहा, आणि त्याच्या पायांचे पंजे जांभळट दिसत होते. पोरगा नुसता उभा होता. एक पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्याचं हृदय रस्त्यावर निघाल्यासारखं चालत होतं. यंत्र लागलं नाही, पैसा लागला नाही. एक बाक, एक भिंत, एक घड्याळ आणि विचारणारं माणूस.

त्यांनी समजावलं ते असं. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे ओढलं जातं, आणि शिरा आपोआप आवळून ते वर ढकलतात. हे काम आपल्या हुकमाविना चालतं. काही जणांत विषाणूच्या तापानंतर ही आपोआप चालणारी यंत्रणा बिघडते. मग मेंदूला रक्त पुरावं म्हणून हृदयाला जास्त धावावं लागतं. झोपून काढलेल्या ईसीजीत ते दिसत नाही, कारण झोपलेला माणूस ठीकच असतो. त्याच्या जोडीला दुसरा त्रास, श्रमाची परतफेड चोवीस-अठ्ठेचाळीस तासांनी वसूल होण्याचा. याला लाँग कोविड म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची व्याख्या नुकतीच, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये केली होती: लागण होऊन साधारण तीन महिन्यांनी असणारी आणि निदान दोन महिने टिकणारी लक्षणं. मॅडमनी पाणी आणि मीठ वाढवायला सांगितलं, उन्हात उभं राहू नको म्हणाल्या, व्यायाम करायचा तर आधी आडवं पडून, आणि दुसऱ्या दिवशी त्रास झाला तर आदल्या दिवशीचं निम्मं. भाचा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडला. आजाराला नाव मिळालं म्हणून कुणी आनंदानं रडतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर मी मोबाइलवर जे सापडेल ते वाचत सुटलो. आणि जे सापडलं ते बहुतेक भरतीच्याच पोरांवरचं होतं.

स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक धडधाकट तरुणाला सैन्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. २०२० च्या वसंतात तिथल्या एका छावणीत साथ शिरली. एकशे नव्व्याण्णव रिक्रूट, वय एकवीसच्या आसपास. साथीच्या आधी, दाखल होतानाच, त्यांची धावण्याची परीक्षा झालेली होती. तीवरून शरीर एका मिनिटात किती प्राणवायू वापरू शकतं याचा अंदाज बांधतात, आमच्या भाषेत ज्याला 'दम' म्हणतात तो. आजार होऊन दीडेक महिना झाल्यावर तीच परीक्षा पुन्हा घेतली. ज्यांना आजार झाला होता त्यांच्यातल्या जवळपास दर पाचातल्या एकाचा दम दहा टक्क्यांहून जास्त घटला होता. ज्यांना लागण झालीच नव्हती त्यांच्यात एकाचाही इतका घटला नव्हता.

अमेरिकेत मरीन सैनिकांचा पॅरिस आयलंड म्हणून प्रशिक्षण तळ आहे. तिथं २०२० च्या मेपासून नव्या पोरांवर अभ्यास सुरू झाला आणि त्यांचा पुढे पाठपुरावा केला. बहुतेक जण अठराच्या आसपासचे. आठशे नव्व्याण्णव जणांपैकी सातशे अठ्ठ्याण्णवांना लागण झालेली आढळली, आणि त्यातल्या एकशे सत्त्याण्णवांना, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्श्याला, निदान चार आठवडे टिकणारा त्रास राहिला. वास-चव जाणं, धाप लागणं, खोकला. त्यांच्यात उदासी आणि घाबरेपणाही जास्त दिसला. दहा जण तर असे, की आजाराच्या वेळी त्यांना काहीच झालं नव्हतं, त्रास नंतर सुरू झाला. तीन मैल धावायला, म्हणजे पावणेपाच किलोमीटरच्या वर थोडं, त्रास राहिलेल्या पोरांना साथीपूर्वीच्या तुकडीपेक्षा सरासरी पंचवीस सेकंद जास्त लागत होते.

पंचवीस सेकंद. शहरातला माणूस म्हणेल, त्यात काय? आमच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. साठ गुण आणि घरी परत यांच्यामध्ये तेव्हा पंधरा सेकंदांचं अंतर असायचं.

हे वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तिथल्या पोरांवर विश्वास बसला, कारण त्यांचा आधीचा टाइम लिहून ठेवलेला होता. आधीचा आकडा नसता तर त्या एकशे सत्त्याण्णव पोरांनाही कुणीतरी म्हणालंच असतं, तू मनातून हरला. अमेरिकेचं सैन्य तर सैनिकांचं रक्तही वर्षानुवर्षं साठवून ठेवतं. त्या साठ्यामुळे २०२२ मध्ये एक मोठी गोष्ट उजेडात आली. वीस वर्षांच्या काळातल्या एक कोटीहून जास्त सैनिकांची माहिती तपासून संशोधकांना दिसलं, की एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका बत्तीस पटींनी वाढतो. हा विषाणू बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होऊन जातो, आणि त्यातल्या फार थोड्यांना पुढे तो आजार होतो. पण तारुण्यात येऊन गेलेला ताप काही वर्षांनी कुठल्या रूपानं परत येतो, हे त्या जपून ठेवलेल्या रक्तानं सांगितलं. आमच्या भागातल्या पोराचा पूर्वीचा आकडा कुठं असतो? भरतीआधी तो कुणाच्याच दप्तरात नसतो. माझ्या भाच्याचा होता, दोनशे पानी वहीत, पण ती वही ज्याच्या हातात होती त्याला वाचता आली नाही.

मॅडमनी वही पाहायला मागितली तेव्हा मी पुढच्या खेपेला घेऊन गेलो. त्यांनी 'गैरहजर' शब्दांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, सर, ही तर केसपेपर आहे. मला मान वर करवली नाही.

सैन्य आणि साथ यांचं नातं जुनं आहे. दहा गावची पोरं एका बराकीत, खाटेला खाट, झोप कमी, श्रम जास्त. विषाणूला आणखी काय लागतं? अमेरिकेत रिक्रूटांना अ‍ॅडिनोव्हायरसची लस १९७१ पासून देत असत. १९९९ च्या सुमारास ती बंद पडली तशा तापाच्या साथी बराकींमध्ये परत आल्या, आणि २०११ मध्ये लस पुन्हा सुरू करावी लागली. १९१८ चा फ्लू तर महायुद्धाच्या छावण्यांमधून आणि जहाजांमधूनच जगभर गेला. त्या जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला आणि पावसाळा सरता-सरता आपल्याकडे पोचला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सगळ्यात जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक. आमच्या आज्या त्याला मानमोडी म्हणायच्या.

माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची. घरात दोन भाऊ, दोघांना मानमोडी झाली. थोरला गेला. धाकटा वाचला, 'पण वखरामागं पुन्हा उभा नाई राहिला.' बैल जुंपायचा, दोन तास धरायचा आणि धुऱ्यावर बसायचा. लोक त्याला बसक्या म्हणायचे. त्याला काय झालं होतं, हे शंभर वर्षांनंतर मी कसं सांगू? पण लहानपणी ही गोष्ट ऐकताना मीही हसायचो, आणि आता धुऱ्यावर बसलेला तो पणजोबांचा भाऊ मला माझ्या भाच्यासारखा दिसतो.

आपल्या गावांना हे समजत नाही असंही नाही. २००६ मध्ये चिकनगुन्या आला तेव्हा अर्धं गाव भिंत धरून चालत होतं. ताप चार दिवसांचा, पण बायांच्या मुठी सहा-सहा महिने मिटत नव्हत्या. कापूस वेचायला मजूर मिळेना. त्या शब्दाचा अर्थच मुळी वाकवून टाकणारा असा आहे, आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेत. ताप गेला तरी आजार राहतो हे तेव्हा कुणाला पटवून द्यावं लागलं नाही, कारण वाकलेलं माणूस दिसत होतं. दम दिसत नाही. बाहेरून पोरगा उंच, छाती रुंद, गालावर तेज. त्याला आजारी कोण म्हणेल?

कोविडमुळे दोन वर्षं सैन्यभरती ठप्प होती. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ आलं, चार वर्षांची नोकरी आणि त्यातून चौथ्या हिश्श्याला पुढे कायम. त्या एका वर्षासाठी वयाची अट एकवीसवरून तेवीस केली म्हणून पोरांची झुंबड उडाली. भाच्यानं फॉर्म भरला. मी नको म्हणालो नाही, तो हक्क मी जूनच्या त्या पहाटे गमावला होता. वर्षभर त्याने मॅडमच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं होतं आणि पुष्कळ सुधारलाही होता. मेळाव्याला मी सोबत गेलो. अंधारातच पोरांचे जथे सोडत होते. कुंपणाबाहेरून मला त्याचा फक्त निळा बनियन दिसत होता. शेवटच्या फेरीला तो मधल्या घोळक्यात होता आणि दोरी पडली तेव्हा पाच-सहा पोरं मागे राहिली, त्यात तो. माझ्या घड्याळात ५:५१ झाले होते. बाहेर आला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, 'मामा, मनातून नाई हरलो.' मी त्याला जवळ घेतलं. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

दुसऱ्या वर्षी वयाची अट पुन्हा एकवीस झाली. आता तो दर्यापूरला जिनिंगमध्ये काट्यावर असतो. उभं राहायचं काम नको म्हणून मालकानं खुर्ची दिली आहे, भला माणूस आहे. पोलीस भरतीचं वय अजून उरलं आहे, असं बहीण अधूनमधून म्हणते. मी त्यावर काही बोलत नाही, तोही बोलत नाही. सुटीच्या दिवशी पहाटे मात्र तो पुलावर येतो. घड्याळ माझ्याकडे असतं, वही त्याच्याकडे. वहीत त्याने एक जास्तीचा रकाना आखला आहे: 'दुसरा दिवस'. कुणालाही ताप आला, मग तो डेंग्यूचा असो की नुसता सर्दीचा, की तारीख त्यात लागते. त्यानंतर पहिले काही दिवस टाइम घ्यायचा नाही. परत येणाऱ्या पोराला तो आधी छातीत दुखतं का, धडधडतं का, चक्कर येते का विचारतो. यातलं एक जरी हो आलं, तर पोराला स्वतः गाडीवर बसवून दवाखान्यात नेतो, कारण विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज असताना धावणं जिवावर बेतू शकतं.

२०२४ च्या पावसाळ्यात विदर्भात चिकनगुन्या पुन्हा पसरला. आमच्या पोरांपैकी एक अठरा वर्षांचा मुलगा दहा दिवसांनी पुलावर आला. भरती तोंडावर होती. घोटे सुजलेले, बुटाची नाडी अर्धीच बांधलेली, आणि म्हणतो, 'सर, टाइम घ्या.' मी काही म्हणायच्या आत भाचा पुढे झाला. त्याच्या पायांपाशी बसला, नाडी पूर्ण सोडली, बोटानं घोटा दाबून पाहिला.

'आज बाभळीपर्यंत चालत जाय. वाटलं तरी पयू नको. उद्या सकाळी मले फोन कर.'

'उद्या काहून? आज विचार ना, मी ठीक आहो.'

'आजचं मले माहीत आहे,' भाचा म्हणाला.

मुलगा चालत निघाला. बाकीची पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी धावत पुढे गेली. भाच्यानं वही उघडून तारीख घातली, त्याचं नाव लिहिलं, टाइमच्या घरात रेघ मारली आणि शेजारचं घर मोकळं ठेवलं.